आत्याबाईंचा उजवा कान

ट्राममध्ये शेजारच्या बाईनं शुशानच्या हातात स्वतःचा घडी केलेला रुमाल ठेवला आणि हळूच, पण आजूबाजूच्या चौघांना ऐकू जाईल इतपत, म्हटलं, "पोरी, तोंड पूस." शुशानला आधी काही कळेचना. सकाळी अर्धा तास आरशापुढे बसून तिनं दोन्ही गालांवर लाल-पिवळे ठिपके काढले होते, नाकाच्या शेंड्याला निळा रंग लावला होता, आणि जिना उतरताना तिला कितीतरी महिन्यांनी हलकं वाटलं होतं. फासनाख्तचा, तीन दिवसांच्या मुखवट्यांच्या सणाचा, पहिला दिवस होता. पहाटे चार वाजता सगळ्या बाझल गावाचे दिवे घालवून ढोल सुरू झाले ते तिनं अंथरुणात पडूनच ऐकले होते, आणि आज तरी खोलीत बसून राहायचं नाही, लोकांसारखं लोकांत मिसळायचं, असं ठरवून ती बाहेर पडली होती. आता तिनं ट्रामभर नजर फिरवली तर रंगलेलं तोंड तिचं एकटीचंच. बाकीच्यांचे रोजचेच धुतलेले चेहरे, रोजचेच काळे कोट, फक्त छातीवर सणाचा यंदाचा बिल्ला. दाराशी दोघे उभे होते त्यांना तर चेहराच नव्हता. खांद्यांवर घागरीएवढी कागदी डोकी, हातांत मोजे, इंचभर कातडी कुठं दिसत नव्हती. त्या दोघांनी आणि बाकीच्या सगळ्यांनी मिळून काहीतरी ठरवलेलं होतं आणि ते फक्त तिलाच सांगायचं राहून गेलं होतं. तिनं रुमालानं गाल घासले. रंग गेला नाही, पसरला. रुमाल असाच परत करावा की धुऊन द्यावा, या घोळात ती असतानाच ती बाई उतरून गेली आणि रुमाल शुशानपाशीच राहिला.

घरमालकीण बूझरबाईंनी दार उघडलं, तिच्याकडे बघितलं, चष्मा काढून पुसला आणि पुन्हा घालून बघितलं. "कुठं निघाली होतीस? रिओला?" बहात्तर वर्षांची ही बाई सत्तेचाळीस वर्षं बायकांच्या एका पथकात आखूड बासरी वाजवत होती, आणि यंदा गुडघ्याच्या शस्त्रक्रियेमुळे घरात अडकून पडली होती, त्यामुळे सकाळपासून तिचं डोकं ठिकाणावर नव्हतं. ओव्हनमध्ये कांद्याची वेहे, सणाची खारी पाई, भाजत होती, तिचा वास जिन्यापर्यंत आला होता. "बस इथं. तेल लावून काढू दे. कुणी शिकवलं हे तुला? इथं असं अर्धमुर्धं चालत नाही, बाई. एकतर पूर्ण झाक, नाहीतर पूर्ण उघडी राहा. रस्त्याच्या कडेला उभं राहून बघणारे ते बघणारे, आणि मुखवट्यातले ते मुखवट्यातले. मधे कुणी नसतं." शुशान म्हणाली, "मला वाटलं, सणच आहे." "सणच आहे," बूझरबाई तिची हनुवटी धरून गाल चोळत म्हणाल्या, "म्हणून तर नियम आहेत." तेलाचा बोळा गालावरून फिरत होता, बोटं खरबरीत होती, आणि कुणीतरी आपलं तोंड असं धरून बराच काळ लोटला, हे शुशानच्या ध्यानात आलं. तिनं डोळे मिटून घेतले. डोळ्यांत पाणी आलं ते तेलानं आलं असं समजायला बूझरबाईंची हरकत नव्हती.

जेवण झाल्यावर बूझरबाई लंगडत आतल्या खोलीत गेल्या आणि त्यांनी शुशानला हाक मारून कपाटावरची पेटी खाली घ्यायला लावली. पेटीत आत्याबाई होत्या. म्हणजे जुन्या पद्धतीची खडूस म्हातारी आत्या: कागदाच्या लगद्याचं मोठं थोरलं डोकं, लांब नाक, घट्ट मिटलेले ओठ, वर डोक्यालाच जोडलेली टोपी आणि टोपीवर कानांपर्यंत लोंबणारी कापडी फुलं, खाली जांभळा झगा, लेसचे हातमोजे आणि चामड्याची पर्स. बाझलच्या रस्त्यावर अशा आत्याबाई दरवर्षी शेकड्यांनी निघतात, कुणाला काय वाटेल ते तोंडावर सांगतात, आणि ऐकणाऱ्यानं ऐकून घ्यायचं असतं. एरवी या गावातला माणूस शेजाऱ्याशी हवापाण्यापलीकडे बोलायचा नाही. वर्षभराचं साचलेलं तो या तीन दिवसांत बोलतो, आणि तेही आवाज बदलून. "नेसून फिर उद्या," बूझरबाई म्हणाल्या. "रिकामी पेटीत पडून राहण्यापेक्षा बरं. यात शिरलीस की तू शुशान नाहीस. आवाज पातळ काढायचा, असा, नाकातून. रस्त्यात मुखवटा काढायचा नाही. तू कोण, असं तुला कुणी विचारणार नाही, आणि तुझ्या डोक्यावरून हा कुणी उचलणारही नाही. तेवढी रीत गावातल्या पोराटोरांनाही आहे." शुशाननं डोकं उलटं करून आत पाहिलं. मानेपाशी मुखवटे करणाऱ्या कारखान्याचा छोटा शिक्का होता. नदीपलीकडच्या त्या कारखान्यातून निम्म्या गावाची डोकी जातात, तेव्हा त्यात नवल काही नव्हतं. पण ती त्यावरून अंगठा फिरवत राहिली. "मोठा होतोय मला," ती म्हणाली, घालून बघण्याच्याही आधी. "तर आतून कापड भरून आण," बूझरबाई म्हणाल्या. "उद्या सकाळी ते उघडं ठेवतात, मोडलेली नाकं चिकटवायला. तिथं एक आर्मेनियन आहे, त्याच्याच हातात दे. बाकीचे नुसते घिसाडी आहेत."

तो आर्मेनियन म्हणजे शुशानचा बाप. बूझरबाईंना हे माहीत नव्हतं, विद्यापीठातल्या कुणाला माहीत नव्हतं, आणि आर्मेनियात ग्युमरीला घरी आईनं तो इथं कुठं, काय करतो हे कधी माहीत करून घेतलं नव्हतं. औषधशास्त्राच्या विद्यार्थ्यांना अर्ध्या वर्षासाठी बाहेर जायची संधी होती, यादीत नऊ गावं होती, आणि शुशाननं बाझल निवडलं तेव्हा आई भांडी घासत होती, तिनं नळ बंद केला, पुन्हा सुरू केला, आणि म्हणाली, "थंडी असेल तिकडे." आता दर रविवारी फोनवर ती सगळं विचारून झाल्यावर शेवटी विचारायची, "कुणी भेटलं का ओळखीचं?" शुशान म्हणायची, नाही. मग आई "बरं" म्हणायची, आणि त्या 'बरं'मध्ये सुटका किती आणि खंत किती हे शुशानला कधी उमगलं नव्हतं. बाप, आर्शाविर, ग्युमरीच्या बाहुलीनाट्यात बाहुल्यांची डोकी करायचा. ती नऊ वर्षांची असताना तो सहा महिन्यांसाठी म्हणून गेला. पहिल्या वर्षी पत्रं आली, दुसऱ्या वर्षी वाढदिवसाला एक पेटी आली, झाकणावर बाझलच्या याच कारखान्याचा शिक्का असलेली, मग नुसतीच एक बातमी आली, तिसऱ्याच कुणाकडून, की त्यानं तिकडे घर केलंय. त्यानंतर आईनं त्याचं नाव घेणं सोडलं. शुशाननं मात्र ते मनात घ्यायचं सोडलं नाही. ऑक्टोबरपासून ती आठवड्यातून दोनदा पूल ओलांडून त्या कारखान्याच्या काचेसमोरून जात आली होती. आत पांढऱ्या, अजून रंग न दिलेल्या डोक्यांच्या रांगा, आणि त्यांच्यामध्ये वाकलेला तो. एकदा तो एप्रन झटकायला दाराबाहेर आला, ती समोर होती, तो म्हणाला, "नमस्कार," रस्त्यावरच्या कुणालाही म्हणतात तसं, आणि आत गेला. त्या दिवशी तिनं शपथ घेतल्यासारखं ठरवून टाकलं: आपण सांगायचं नाही. ओळखायचं त्यानं. तेरा वर्षांनी का होईना, बापानं मुलीला न सांगता ओळखलं पाहिजे. सांगून ओळखलं तर ते ओळखणं कसलं? असं ठरवून तिनं सगळा हिवाळा काढला होता. आता परीक्षा संपल्या होत्या, आणि शनिवारी सकाळचं विमान होतं.

मंगळवारी सकाळी कारखान्यात मोडक्या नाकांची रांग लागली होती. खळीचा आणि रंगाचा वास, तोच, ग्युमरीच्या त्यांच्या स्वयंपाकघरातला. तिची पाळी आल्यावर तिनं पेटी पुढं केली आणि शक्य तितक्या कमी शब्दांत म्हणाली, "बूझरबाईंचा आहे. मला मोठा होतो." आर्शाविरनं आत्याबाईंचं डोकं उचलून उजेडाकडे धरलं. मिशा पार पांढऱ्या झाल्या होत्या, कोपरापर्यंत लगदा वाळलेला होता. "सहा वर्षांपूर्वी मीच केलाय," तो म्हणाला. "त्या नाही निघणार यंदा?" "गुडघा," शुशान म्हणाली. तो टेबलामागून बाहेर आला, तिच्या डावीकडे उभा राहिला आणि फीत घेऊन काहीतरी बोलला. तिचा डावा कान लहानपणापासून गेलेला होता. ती समोर बघत तशीच उभी राहिली. मग तो वळसा घालून पुढं आला आणि म्हणाला, "मान सरळ." कपाळावरून मागे त्यानं फीत नेली. त्याचे अंगठे तिच्या कानांच्या वर टेकले, आणि तिथंच थोडे थांबले, की तिला तसं वाटलं, कारण मागच्या माणसानं घसा खाकरला आणि आर्शाविरनं आकडा भिंतीवर पेन्सिलीनं लिहून टाकला. या गावात चार महिन्यांत तिला भेटलेल्या प्रत्येक माणसानं तिचा उच्चार ऐकून पहिल्याच मिनिटाला विचारलं होतं, तुम्ही कुठल्या? यानं तेवढंही विचारलं नाही. "तासाभरानं या," एवढंच म्हणाला. तास तिनं नदीच्या काठावर काढला. पाणी मातकट होतं, वरून कागदाच्या टिकल्या वाहत चालल्या होत्या, आणि दोन ठिकाणी टेकलेले ते अंगठे तिच्या डोक्यावर अजून होते. परत गेली तेव्हा तो आत कुठंतरी होता. पेटी दुसऱ्याच कुणीतरी हातात दिली.

मुखवट्याच्या आत आपला श्वास आपल्यालाच ऐकू येतो, आणि जग दोन बोटभर फटींतून दिसतं. मंगळवार दुपार पोरांची असते. रस्त्यांत पथकांचा शिस्तीचा जथा नसतो, कुणीही कुठूनही निघतो, एक ढोल आणि दोन बासऱ्या कोपऱ्यावरून वळतात आणि दहाबारा माणसं पाय ओढत त्यांच्यामागून चालू लागतात, न बोलता, कुठं जायचं हे ठाऊक नसताना. शुशान अशीच एका ढोलामागे लागली. तिच्या आयुष्यात पहिल्यांदा तिला कुणी बघत नव्हतं आणि ती सगळ्यांना बघत होती. लोक बाजूला होऊन वाट देत होते, एका म्हाताऱ्यानं टोपी उचलली, एका पोरानं तिच्या झग्यावर हिरव्या टिकल्यांची मूठ फेकली आणि तिनं पर्स उगारल्यावर खिदळत पळालं. बरं वाटत होतं. इतकं बरं, की तिला वाटलं हे असंच चालू राहावं, ढोलानं कुठं पोहोचूच नये. आणि नेमकं तेव्हाच चौकातल्या कारंज्यापाशी तिला आर्शाविर दिसला. कोट घातलेला, उघड्या चेहऱ्याचा, बघणाऱ्यांतला. त्याच्यापुढं सहासात वर्षांची मुलगी होती, विदूषकाच्या कपड्यांत, हातात निळ्या टिकल्यांची पिशवी. आणि त्यानं तिला तिच्या टोपीच्या मागच्या शेंड्याला धरलं होतं, गर्दीत हरवू नये म्हणून. शुशानच्या जुन्या तपकिरी कोटालाही असाच शेंडा होता, आणि बाजारात त्याला असाच धरायचा एक हात होता. ढोल पुढं गेला. ती गेली नाही.

"काय रे आर्शाविर," नाकातून पातळ आवाज काढत ती म्हणाली, काल बूझरबाईंनी घोकून घेतला होता तसाच हेल देऊन, "ओळख बिळख विसरलास वाटतं आत्याची?" त्यानं पाहिलं. डोकं त्यानंच केलेलं, तेव्हा चकित व्हायचं कारण नव्हतं. रीतीप्रमाणे तो थोडा वाकला. "आत्याबाई, तुम्हाला कोण विसरेल?" "पिकलास की रे पार. खातोस का नीट?" "खातो. रोज थोडा पिकतो, रोज थोडा खातो." लहान मुलीनं वर बघून विचारलं, "आत्याबाई, तुम्ही खऱ्या आहात?" "तुझ्या बापाला विचार," शुशान म्हणाली आणि पर्समधली गोळी काढून तिला दिली. मुलगी गोळीचा कागद सोडण्यात गुंतली. तिचे पुढचे दोन दात पडलेले होते, आणि शुशानला तिचा राग यायला हवा होता तो काही केल्या येईना. ती म्हणाली, "ही तर इथली. आणि तिकडे कुणी आहे की नाही तुझं? की सगळं नदीत सोडलंस?" आर्शाविरचं हसू एकदम गेलं नाही, हळूहळू गेलं. "आहे," तो म्हणाला. "एक मुलगी आहे." "केवढी?" "बावीसची. एप्रिलमध्ये तेवीस होईल." "बरा आकडा पाठ आहे. पत्रबित्र टाकतोस तिला?" "नाही." "का रे मेल्या?" बाजूनं एक पथक ढोल बडवत गेलं, इतक्या जवळून की दगडी फरशी पायांखाली थरथरली, तो थांबला नाही, आणि तिला त्याचा शब्दन् शब्द ऐकू आला. "एक वर्ष जमलं नाही, आत्याबाई. मग लाज वाटायला लागली. मग लाजेचीच सवय झाली. सकाळी उठून माणूस चहा ठेवतो, तशी ती असते." शुशानचा पातळ आवाज आतल्या आत तुटला, तिनं तो पुन्हा जुळवला. "मी जाणार आहे तिकडे. शनिवारी. काही सांगायचंय तिला?" तो आत्याबाईंच्या डोळ्यांकडे बघत राहिला, म्हणजे फटींकडे. त्याला तिथं काळोखाशिवाय काय दिसणार होतं? "शनिवारी," तो म्हणाला. आणि मग, "आत्याबाई, असलं मुखवट्यापाशी सांगता येत नाही." त्यानं स्वतःच्या टोपीच्या कडेला बोट लावलं, मुलीच्या टोपीचा शेंडा धरला, आणि दोघं गर्दीत शिरली.

ती मग कुठं कुठं फिरली ते तिला धड आठवलं नसतं. चढाच्या गल्ल्या, पायऱ्या, पुन्हा उतार, सगळीकडे तीच शीळ घातल्यासारखी बासरी, मागे-पुढे, आणि मुखवट्यात तिचे गाल ओले, पुसायची सोय नाही. तू कोण, एवढे दोन शब्द त्यानं विचारले नव्हते. परक्या आवाजातल्या कुणीतरी त्याच्या मुलीबद्दल विचारावं, शनिवारी तिच्याकडे जाते म्हणून सांगावं, आणि बापानं टोपीला हात लावून चालू पडावं? ग्युमरीचा कुठलाही माणूस मुखवट्याची फुलं ओढून म्हणाला असता, बाई, तू आहेस कोण, बघू दे तोंड. त्यानं हे सगळं खेळ समजून खेळासारखी उत्तरं दिली होती. कारखान्यातल्याच कुणीतरी थट्टा केली असं समजून तो आत्ता बायकोला सांगतही असेल. तो अगदी इथला झाला होता. तिला आठवत होता तो आठव्या वर्षीचा हिवाळा: ताप, कानातला ठणका, आणि मग एक दिवस डावीकडचं जग आवाज बंद करून बसलेलं. डॉक्टर म्हणाले, गेला कान. आई रडली. बाप रडला नाही. त्यानं बाहुल्यांच्या लगद्याचा एक भोंगा केला, अरुंद तोंड तिच्या उजव्या कानाशी धरलं आणि दुसरीकडून तिला रोज गोष्टी सांगितल्या, गावातल्या सगळ्यांची टिंगल करत, न्हावी, खाटीक, शाळेची बाई. पुढचं सगळं वर्ष तो घरातसुद्धा जागा बदलून तिच्या उजवीकडे येऊन बसायचा, आणि तो गेल्यावर तिच्या लक्षात आलं की दुसरं कुणी तसं करत नाही. इथं बाझलमध्ये तिनं कानाचं कुणाला सांगितलंच नव्हतं. वर्गात ती डावीकडच्या टोकाला बसायची, झालं. हे सगळं माहीत असलेला गावात एकच माणूस होता, आणि त्यानं तिला नमस्कार म्हटलं होतं.

संध्याकाळी बूझरबाईंनी स्वयंपाकघराच्या टेबलावर पिठाचं सूप वाढलं आणि आत्याबाईंचं डोकं मांडीवर घेऊन, घरी आलेल्या लेकरासारखं, सगळीकडून तपासलं. आतलं भरलेलं कापड दाबून पाहिलं, मान डोलावली, टोपीची फुलं सारखी केली, आणि थबकल्या. "हे काय केलंय यानं?" फुलांच्या मागे, उजव्या बाजूला, नाण्याएवढं गोल भोक होतं, कडा घासून गुळगुळीत केलेल्या, वर त्याच रंगाची बारीक जाळी चिकटवलेली, फुलांनी झाकलेलं. "सत्तेचाळीस वर्षं मी डोक्यात डोकं घालतेय. बासरीसाठी तोंडाशी भोक असतं, बघायला डोळ्यांशी असतं. कानाशी भोक माझ्या जन्मात कुणी पाडलं नाही. आत बसलेल्याला ढोल ऐकू येतात तेवढे पुरे होतात. आणि तेही एकाच बाजूला! घाईत दुसऱ्या कुणाच्या डोक्याचं काम माझ्या डोक्यावर केलंन् मेल्यानं. उद्या जाऊन सांग त्याला, बुजवून दे म्हणावं." शुशानचा चमचा वाटीत राहिला. ढोल इतक्या जवळून गेले होते की फरशी हलत होती, आणि तरी तिला तो बोललेला शब्दन् शब्द ऐकू आला होता; तेव्हा तिच्या मनातही आलं नव्हतं, की हे कसं. सकाळी तो डावीकडून बोलला होता, तिनं वळून बघितलं नव्हतं, मग तो पुढं आला होता. अंगठे थांबले होते. बाई, तुम्ही कुठल्या, हे त्यानं विचारलं नव्हतं, कारण विचारायची गरज नव्हती. "बूझरबाई," ती म्हणाली, आणि तिचा आवाज तिलाच अनोळखी वाटला, "एखाद्यानं मुखवट्यातल्या माणसाला ओळखलं, तर तो काय करतो?" "काय करणार? गप्प बसतो. ओळखून न ओळखल्यासारखं करतो. दुसऱ्याचा मुखवटा उचलणं म्हणजे अंगावरचं वस्त्र ओढण्यासारखं आहे, बाई. ज्याचा त्यानं काढायचा." बूझरबाईंनी तिच्याकडे पाहिलं, सुपाकडे पाहिलं. "कोण भेटलं तुला?" "ओळखीचं," शुशान म्हणाली. बूझरबाईंनी वाटीत आणखी एक पळी सूप ओतलं.

बुधवारी दुपारी ती तोंड धुऊन बाहेर पडली. गालांवर काही नाही, डोक्यावर टोपीसुद्धा नाही, केस मागे बांधलेले. कोटावर बूझरबाईंचा बिल्ला, खिशात ट्राममधल्या बाईचा धुतलेला रुमाल. पथकांचा शेवटचा मोठा फेरा पुलावरून जाणार होता, आणि ज्यांनी डोकी केली ती माणसं आपली डोकी जाताना बघायला तिथंच उभी राहतात, हे तिनं बूझरबाईंकडून काढून घेतलं होतं. तो कठड्याशी एकटा होता. शुशान गर्दीतून वाट काढत गेली आणि त्याच्याशेजारी उभी राहिली, मुद्दाम अशी, की तो तिच्या डावीकडे यावा. तिनं त्याच्याकडे पाहिलं नाही. समोरून प्रचंड डोकी डुलत चालली होती, चोचींची, सुळ्यांची, रडवेल्या तोंडांची, पन्नासेक ढोल एकदम, आणि तिच्या छातीतलं धडधडणं त्यांतलं कुठलं आणि आपलं कुठलं हे कळत नव्हतं. डावीकडे हालचाल झाल्यासारखी वाटली. तो काहीतरी बोलला असावा. तिला ऐकू आलं नाही, आणि आता तिनं वळायचं नव्हतं. इथवर ती आली होती, तोंड उघडं करून. उरलेलं त्यानं यायचं होतं. ढोल जवळ आले, जवळून गेले. डावीकडची जागा रिकामी झाली. एक क्षण तिला वाटलं, गेला, पुन्हा गेला, आणि तिनं कठड्याचा थंड दगड दोन्ही हातांनी धरून ठेवला. मग मागून कुणाची तरी माफी मागण्याचा आवाज आला, एक बाई कुरकुरत सरकली, आणि तो वळसा घालून तिच्या उजवीकडे येऊन उभा राहिला.

"शुशिक," तो म्हणाला. ग्युमरीच्या बोलीत, कानाशी तोंड आणून, भोंगा नसताना हाताचा भोंगा करून. "मला वाटलं, तू काढशील तेव्हा बोलू. इथं दुसऱ्याचा मुखवटा कुणी काढत नाही."

"मी इथली नाही, बाबा," ती म्हणाली.

त्यानं मान हलवली, बराच वेळ हलवत राहिला. त्याच्या मिशांना निळी टिकली चिकटली होती. पुढचं पथक पुलावर चढत होतं, बासऱ्या सुरू झाल्या, आणि तो पुन्हा वाकून तिच्या कानात काहीतरी म्हणाला. शनिवारी किती वाजता, असं काहीतरी विचारलं, आणि त्याच्याआधी तिचं नाव घेतलं. तिला ते अगदी स्वच्छ ऐकू आलं. तरी तिनं उजवा कान त्याच्याकडे आणखी जवळ नेला आणि म्हटलं, "काय म्हणालास?"

त्यानं पुन्हा सांगितलं, नावापासून.